बंद फाइलीतले पूर्वज

शुक्रवारी दुपारी तर्पणाचे यजमान आटोपून ढुंढिराज घरी आला, ओलं धोतर दोरीवर टाकलं, संगणक सुरू केला आणि त्याच्याच फाइलीने त्याला अडवलं. पडद्यावर एक करडी चौकट उगवली. तिच्यात पांढरी पट्टी, पट्टीत लुकलुकणारी उभी रेघ, आणि वर इंग्रजीत फर्मान, की आत यायचं तर परवलीचा शब्द सांगा. ढुंढिराजाने तो शब्द कधी ठरवलाच नव्हता. चोराने घरात शिरावं, काही न नेता आपल्याच कपाटाला नवं कुलूप घालावं आणि किल्ली घेऊन जावं, तसा हा प्रकार. त्याने मागे वळून पाहिलं. मागे भिंत, भिंतीवर पंचांग, खिळ्याला पळी अडकवलेली. दाराच्या कापडी पडद्यापलीकडे स्वयंपाकघरात मिक्सर घरघरत होता आणि त्यासरशी संगणकाचं चित्र थरथरत होतं, कारण आख्ख्या घरात दमदार पावर पॉइंट एकच, आणि दोन्ही यंत्रं त्याच्यावरच पोसलेली. आणि सगळ्यांत मोठी मेख ही, की फाइलीला कुणी कुलूप घालायचं तर ती आधी दिसायला हवी. ती कुणाला दिसायचीच नाही, याचा बंदोबस्त त्याने स्वतः केला होता. काशीच्या गोदौलिया बाजारातल्या एका कंप्यूटर क्लासच्या दारात उभं राहून, "एक मित्र के लिए पूछ रहा हूँ" अशी सुरुवात करून, त्याने ती विद्या मिळवली होती: फाइलीवर उजवी टिचकी, एका चौकोनात खूण, की फाइल यादीतून नाहीशी. क्लासचा मास्तर हसून म्हणाला होता, "पंडितजी, मित्र को कहिएगा, छिपाने से ज़्यादा मुश्किल है याद रखना कि कहाँ छिपाया." ढुंढिराजाला हसू आलं होतं. रामघाटावरच्या तीर्थोपाध्यायाला आठवणीचे धडे देतोय हा!

यंत्र घरात आलं ते गेल्या दिवाळीत. बँकेतल्या मित्राने नवं घेतलं तेव्हा त्याचं जुनं ढुंढिराजाच्या मुलाने, विश्वजीतने, उचलून आणलं, गल्लीत रिक्षा शिरत नाही म्हणून डोक्यावरून, आणि गल्लीतल्या लोकांनी विचारलं, "क्या भइया, टीवी?" तर सरळ हो म्हणाला. हे यंत्र सगळ्या घराचं, असं त्याने जाहीर केलं. सगळ्या घराचं म्हणजे काय, तर त्याचे बँकेच्या परीक्षेचे कागद, त्याची आई पद्मा हिच्या भजनी मंडळाची यादी, सुनेच्या शिकवण्यांचे पेपर, आणि मुख्य म्हणजे वह्या. ढुंढिराजाच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या होत्या: देशावरून, कोकणातून काशीला आलेल्या प्रत्येक यजमानाचं नाव, गाव, बाप, आजा, पणजा, कोण कोणासाठी आला, कोणाच्या अस्थी आणल्या. मोडीत लिहिलेल्या, म्हणजे आता घरात वाचणारा एकटा ढुंढिराज. तो वाचायचा आणि सून टाइप करायची, दुपारी दोन ते चार. नंतर ती उठली की तो तिच्या खुर्चीत बसायचा आणि एका बोटाने आपलं खासगी काम करायचा. पद्मा म्हणायची, "गणपतीचं नाव लावलंत, आता हाताखाली उंदीरही आला. शोभतं हो." आणि तो जर उलट काही बोलला तर तिचं ठरलेलं असायचं, "तुम्ही काय सांगता! पेपर तुम्ही वाचता, ऐकतो आम्ही सगळे." बारा वर्षं वेदपाठशाळेत काढलेल्या माणसाचे डोळे आणि ओठ एकाच दोरीने बांधलेले असतात. एक हलला की दुसरा हलणारच.

आता त्या फाइलीत काय होतं ते सांगायचं तर अठ्ठ्याहत्तरच्या पुरापर्यंत मागे जावं लागेल, आणि ढुंढिराज त्या दुपारी पांढऱ्या पट्टीसमोर बसून तिथेच गेला. त्या वर्षी गंगा घरात आली ती पाहुणी म्हणून नाही, मालकीण म्हणून. खालच्या खोलीत कमरेएवढी उभी राहिली, तीन दिवस हलली नाही, आणि गेली तेव्हा पेटीतल्या बारा वह्यांपैकी पाच वह्यांची शाई घेऊन गेली. वडील त्याच चैत्रात गेलेले. अडतीस वर्षांचा ढुंढिराज गच्चीवर पानं वाळत घालत होता, आणि प्रत्येक पान ढगाळलेल्या आभाळासारखं, मध्येच एखादी वेलांटी, एखादा अर्धा पाय मोडलेला अंक. चार दिवसांनी वाईकडची एक म्हातारी मुलाला घेऊन आली. तिचं एकच म्हणणं, "आजेसासऱ्यांचं नाव काढा हो, भटजी. यांना सांगायला कुणी उरलं नाही." त्याने पान उघडलं. पानावर ढग. समोर म्हातारी, तिच्या हनुवटीवर गोंदलेले तीन ठिपके आणि ते थरथरणारे. तो म्हणाला, "केसोपंत." आणि नुसतं नाव उघडंवाघडं कसं ठेवायचं म्हणून पुढे म्हणाला, "डाव्या पायाने अधू. घोड्यावरून आले होते. घोडं घाटाच्या पायऱ्या उतरेना, तर म्हणाले, त्याला वरूनच स्नान घाला, तेही एवढं चाललंय." म्हातारीने टाळी वाजवली. "हो, हो! लंगडत असत म्हणे! सासूबाई सांगायच्या!" आता यात लबाडी कुणाची होती? त्याची की तिची? पिंड पडले, कावळ्याने शिवले, म्हातारी सुखाने गेली. मग दुसरा आला. मग नाशिककडचे आले. वीस वर्षांत ढुंढिराजाने एकशे चौदा पूर्वज जन्माला घातले. ज्याला दोन वेळा वाघ आडवा गेला आणि दोन्ही वेळा वाघानेच वाट सोडली असा एक. जिने होडीत बाळंत होऊन पोराचं नाव त्या नावाड्याचं ठेवलं अशी एक. ही माणसं त्याला सख्ख्यांपेक्षा जवळची झाली होती. फक्त कधी कधी, भर उन्हात, पाण्यात उभं राहून ओंजळीतून तीळ सोडताना त्याला वाटायचं की ती सगळी पायरीवर रांगेने उभी आहेत, पोटभर जेवलेली, आणि त्यांच्या मागे कुठेतरी दूर खरे पूर्वज उभे आहेत, उपाशी, ज्यांची नावं नदीने नेली. तेव्हा तो झटकन बाहेर यायचा आणि पाय पुसताना कुणाकडे बघायचा नाही.

एवढी माणसं सांभाळायची तर नोंद हवीच. वाईवाले पुन्हा आले आणि पाय उजवा सांगितला तर? कागदावर लिहिलं तर पद्मा त्याच कागदात बुक्का बांधून कुणाला तरी देणार. म्हणून संगणक. त्याने एकेकाला फाइलीत बसवलं, नाव, गाव, काय सांगितलं ते, आणि प्रत्येकाच्या शेवटी एकच शब्द: कल्पित. लबाडी केली तरी ती शिस्तीने, हा त्याचा बाणा. आणि हे सगळं उघडं पडलं असतं तरी त्याने सोसलं असतं. संकठा घाटावरच्या रत्नाकरने, चुलतभावाने, गल्लीभर केलं असतं, यजमान तुटले असते, ठीक आहे. ढुंढिराज धास्तावला तो त्या एकशे तेरा जणांमुळे नव्हे. एकशे चौदाव्या नावामुळे.

चोवीस वर्षांपूर्वी, संकठादेवीच्या देवळामागच्या धर्मशाळेत यात्रेकरूंची एक टोळी उठून गेली आणि कोपऱ्यात दोन वर्षांची एक मुलगी राहिली. तिला एकच शब्द येत होता: आजी. तीन दिवस ती तोच म्हणत होती. शरदिनीबाई म्हणून एक विधवा तिथे एका खोलीत काशीवास करत होत्या, त्यांनी तिला उचललं, वैदेही नाव ठेवलं, वाढवलं, बी.ए. केलं आणि देवाघरी गेल्या. सगळ्या ब्रह्माघाट-रामघाटाला ठाऊक होतं की पोरगी टाकलेली. तिलाही ठाऊक होतं. आणि विश्वजीतला लग्न तिच्याशीच करायचं होतं. पद्मा म्हणाली, "मुलगी सोन्यासारखी, पण मंगलाष्टकात कुणाची नात म्हणणार तिला?" दुसऱ्या दिवशी सकाळी स्नान करून, कपाळाला भस्म लावून ढुंढिराज पुरात भिजलेली चौथी वही घेऊन खाली आला आणि सगळ्यांसमोर ती उघडून म्हणाला, "सापडलं." चिपळूणकडची बकुळाबाई. मुलगा आणि सून साथीत गेलेले. नातीला घेऊन काशीला आली, इथेच तापाने पडली आणि दुसऱ्या दिवशी मणिकर्णिकेवर गेली. सोबतचे घाबरून पळाले. त्याने वहीतल्या त्या ढगावर बोट ठेवून वाचून दाखवलं की शेवटी म्हातारी शुद्धीत होती आणि म्हणत होती, पोरीला उन्हात नेऊ नका. वैदेही उभी होती ती खाली बसली. रडली नाही. फक्त म्हणाली, "म्हणजे टाकलं नव्हतं मला." आणि ढुंढिराज, ज्याने तोवर शंभरावर माणसं बिनदिक्कत बनवली होती, त्याचा हात वहीवरून उचलेना.

तेव्हापासून दर सर्वपित्रीला वैदेही आठ दिवस आधी आठवण करायची: "बाबा, आजीचं पाणी विसरू नका हं." आणि तो पाणी द्यायचा. तेच नाव त्या फाइलीत होतं, आणि त्याच्यापुढे तोच शब्द होता. ती फाइल कुणीतरी उघडली होती.

कुणी? विश्वजीतने? कालच, गुरुवारी जेवताना तो म्हणाला होता, "ये एकदम स्लो हो गया है. रविवारी कंप्यूटरवाला गोपीनाथ येतोय. सगळं फ्लॉपीवर काढून मशीन साफ करणार. त्याआधी एकूण एक फाइल उघडून बघतो, नको ते उडवतो." पद्मा म्हणाली, "रविवारी अवस आहे. अवसेला यंत्र उघडतात का?" तो म्हणाला, "आई, त्याचे पितर नाहीत, साफ्टवेअर आहे." सगळे हसले. ढुंढिराज हसला नाही, कारण त्याला वाटलं की 'एकूण एक' म्हणताना मुलाने त्याच्याकडे पाहिलं. पाहिलं का? की वरणाच्या भांड्याकडे पाहिलं, जे त्याच्याजवळ होतं? आणि मुलाने आधीच उघडली असेल तर? मग तो कुलूप कशाला घालेल, बापाला कळावं म्हणून? ढुंढिराजाने पट्टीत मुलाचं नाव भरलं. अक्षरांच्या जागी तारे उमटले, आणि यंत्राने टण्णकन नाही म्हटलं.

मग रत्नाकर. तो बुधवारी आला होता, तोंडात पान, खुर्चीत बसल्या बसल्या उंदराशी खेळत. "दादा, तुमचं सगळं आता यात? मग उद्या कुणी फ्लॉपी टाकली, की आपले बापजादे खिशात!" आणि पान सावरत हसला. "जमाना बदल गया, दादा." त्या वेळी ढुंढिराज आत चहाला सांगायला गेला होता. किती वेळ? दूध उतू गेलं होतं, पद्माची कटकट, म्हणजे चांगली पाच मिनिटं. पाच मिनिटांत फाइल शोधून, वाचून, कुलूप घालणं रत्नाकरला जमेल? ज्याला स्वतःच्या घड्याळाला चावी देता येत नाही? त्याने रत्नाकरचं नाव भरलं, मग त्याच्या बायकोचं, मग त्याच्या म्हशीचंसुद्धा. टण्ण. टण्ण. टण्ण. फाइल सरळ उडवून टाकता आली असती, त्याला तीही टिचकी येत होती. पण उडवली म्हणजे ज्याने वाचली त्याच्या डोक्यातून थोडीच उडणार होती? आणि त्या एकशे चौदा जणांना दुसऱ्यांदा पाण्यात सोडायचं? बोट त्या कळीवर गेलं आणि परत आलं.

संध्याकाळी त्याने देवघरातून तीन अक्षता आणल्या आणि कळफलकावर तीन कळांच्या फटीत ठेवल्या. यंत्राला कोण हात लावतो ते आता कळलंच असतं. सकाळी अक्षता नव्हत्या. तो वाकून फटी तपासू लागला. तेवढ्यात पद्मा फडकं घेऊन म्हणाली, "अहो, यंत्राची पूजा केलीत का काय काल? तांदूळ सांडले होते. झटकले मी." तो तिच्याकडे बघत राहिला. छत्तीस वर्षांचा संसार, आणि या बाईला संगणक चालू करता येतो की नाही हे त्याला नक्की माहीत नव्हतं! भजनी मंडळाची यादी कोण टाइप करतं? सून करते असं ती म्हणते. म्हणते. "काय बघताय?" पद्मा म्हणाली. "काही नाही." "काही नाही म्हणून तुम्ही बघितलं, की मला धसकाच बसतो," असं म्हणून ती द्रोण मोजायला गेली, आणि जाताना तिच्या खांद्यात हसू होतं असं त्याला वाटलं. सगळं घर हसतंय असं वाटलं. घाटावर गेला तर तिथेही तेच. भाद्रपदातली गंगा, खालच्या पायऱ्या सगळ्या पोटात घेतलेल्या, होड्या बंद. वरच्या पायरीवर दाटीने उभे यजमान, त्यांना संकल्प सांगताना त्याची जीभ सवयीने चालत होती आणि मन त्या पांढऱ्या पट्टीत शब्द भरत होतं. काशी. विश्वेश्वर. गंगा. एका यजमानाने विचारलं, "आजोबांचं नाव हेच ना, गुरुजी? नक्की?" आणि ढुंढिराजाच्या हातातली पळी ताम्हनात पडली. हे नाव खऱ्या वहीतलं होतं, सातव्या, कोरड्या. तरीही पडली.

शनिवारी दुपारी घरी आला तेव्हा ओसरीवर उद्याच्या जेवणाची पानं पुसणं चाललं होतं. पद्मा सांगत होती आणि वैदेही एकेक पान ओल्या फडक्याने पुसून बाजूला ठेवत होती. "मामंजींचं. सासूबाईंचं. माझ्या बाबांचं. आणि हे बकुळाबाईंचं." वैदेहीने ते पान पुसलं, उलटून पुन्हा पुसलं, आणि बाकीच्यांवर ठेवलं. ढुंढिराज दारातच थबकला. एक गोष्ट त्याच्या आत्ता लक्षात आली, आणि ती इतकी उघडी होती की दोन दिवस दिसली नव्हती. या वर्षी वैदेहीने आठवण केली नव्हती. आठ दिवस आधी नाही, चार दिवस आधी नाही, आज अवस उद्यावर आली तरी नाही. "बाबा, पाणी देऊ?" तिने विचारलं, वर न बघता. तो नको म्हणाला. मग लगेच हो म्हणाला. मग चूळ भरली आणि सरळ संगणकाच्या खुर्चीत जाऊन बसला, कारण पाय दुसरीकडे कुठे नेईनात. ती उठून स्वयंपाकघरात गेली, मिक्सर सुरू झाला, संगणकाचं चित्र थरथरलं. त्याला वाटलं, आता ती बाहेर येईल आणि विचारेल, मग मला टाकलंच होतं ना? आणि त्यावर त्याच्याकडे, एकशे चौदा माणसांच्या निर्मात्याकडे, एक वाक्य नव्हतं.

करडी चौकट आली. त्याने बोट उचललं. "बी," तो म्हणाला आणि कळ दाबली. "ए." मिक्सर थांबला. पडद्यावरचं चित्र एकदम स्थिर झालं. "के," तो म्हणाला, आणि ते स्वतःचंच 'के' त्याला ऐकू आलं, खणखणीत, पाठशाळेत शिकवल्यासारखं, पोटातून आलेलं. बोट हवेत राहिलं. ओठ! फाल्गुनातल्या दुपारी, याच खुर्चीत, त्याने बकुळाबाईला फाइलीत बसवलं होतं, फाइलीच्या नावापासून, अक्षरा-अक्षराने, काना-मात्रेसकट, मोठ्याने: चिपळूणकडची. मुलगा-सून साथीत. उन्हात नेऊ नका. आणि शेवटी, नीट दोनदा तपासून: कल्पित. त्या गोदौलियाच्या मास्तराने फाइल डोळ्यांना दिसू नये एवढीच विद्या दिली होती. मधली भिंत नव्हती, कापडी पडदा होता, आणि पडद्यापलीकडे कुणीतरी रोजची चटणी वाटत होतं. सात महिने. सात महिने तिने त्याला वाढलं होतं, त्याने वाचलेली नावं टाइप केली होती, आणि गुरुवारी विश्वजीत एकूण एक फाइल उघडतो म्हणाला तेव्हा काय केलं होतं, तर हे कुलूप घातलं होतं.

"यू," तो हळू म्हणाला. "एल." टण्ण झालं नाही. फाइल उघडली.

केसोपंत होते, डाव्या पायाने अधू, घोड्यासकट. कल्पित. वाघवाला होता. कल्पित. होडीत बाळंत झालेली होती. कल्पित. तो खाली खाली जात राहिला, एकशे तेरा वेळा तो शब्द वाचत, आणि शेवटी बकुळाबाई आली. सगळं जसंच्या तसं, ताप, मणिकर्णिका, उन्हात नेऊ नका. त्यापुढे पूर्णविराम. पूर्णविरामापुढे काही नाही. तो शब्द कुणीतरी पुसला होता, इतक्या नीट, की मागची जागाही शिल्लक ठेवली नव्हती.

"उघडली का बाबा?" पडद्यामागून आवाज आला.

"उघडली."

"ह्यांनी उद्या विचारलं तर मी सांगते, माझी फाइल आहे म्हणून. माझीच आहे ती." भांडं ठेवल्याचा आवाज. त्याला तिचं तोंड दिसत नव्हतं, आणि तो देवाकडे मागत होता की दिसू नये. मग ती म्हणाली, साधं, मीठ मागावं तसं, "एक राहिलंय त्यात. उद्या पान मांडायचं, आणि आजीला आवडायचं काय ते तुम्ही कधी वाचलंच नाहीत."

ढुंढिराजाने डोळे मिटले. पानावरचा तो ढग समोर आला. त्याने त्यावर बोट ठेवलं. "आमसुलाची चटणी," तो म्हणाला. "गूळ थोडा जास्त. आमसुलं चिपळूणहून पदराला बांधून आणली होती तिने. म्हणायची, काशीत मरेन, पण काशीच्या आमचुरावर जेवणार नाही."

पडद्यापलीकडून आवाज आला तो हसण्याचा की नाक ओढण्याचा, ते त्याला कळलं नाही. "आमसुलं आहेत थोडी," ती म्हणाली. "गेल्या महिन्यात यजमानांनी दिलेली. लिहून ठेवा."

त्याने उंदीर पूर्णविरामाशी नेला, आणि एका बोटाने, नेहमीपेक्षा जरा मोठ्यानेच म्हणत, एकेक अक्षर टाइप करू लागला.